शिंक्याचं तुटलं

डॉक्टर लुकतुके यांनी माझ्या हातावर
बॉलपेनने घरं आखली, सापशिडीची असतात तशी.
एकेका घरात एकेक थेंब, एकेक टोचणी:
गाजरगवत, झुरळ, गादीतला किडा, मांजर.
पंधरा मिनिटं टिळक रोडवरचे हॉर्न ऐकत बसलो.
गाजरगवताला जरा लाली आली.
मांजराची पुरी मात्र टम्म फुगली.

"केस नव्हे हो," ते म्हणाले, "थुंकी.
अंग चाटतात, ती वाळते, उडते."
म्हणजे खारीची अंघोळ
गेली चार वर्षं मी नाकाने पीत होतो.
"द्या कुणाला तरी."

घरी आलो. खारी दारात,
तिचा मुलगा टोस्ट चपलांच्या कपाटावर.
हेमलता काही बोलली नाही,
चहात साखर घालायची तेवढी विसरली.

मग वाकडहून एक कुटुंब आलं.
नवरा, बायको, नवऱ्याची आई,
आणि नवी कोरी जाळीची टोपली,
किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती.
माणसं चांगली होती. हेच वाईट झालं.
खारीला उचलून आत घातलं. टोस्ट आपणहून गेला,
त्याच्या लेखी टोपली म्हणजे खोकं, आणि खोकं म्हणजे घर.
सगळे उठले. चपला घातल्या.
आणि मी शिंकलो.

आई थबकल्या. "निघताना शिंक!
बसा रे पाच मिनिटं. पाणी प्या."
बसले. पाणी प्यायले. उठले.
परत शिंकलो.
बसले. चहा झाला. उठले.
मी नाक दाबून धरलं, देवाशपथ दाबून धरलं,
तरी ती आलीच, कानांतून आल्यासारखी.
चौथ्या वेळी आईंनी टोपलीची कडी स्वतःच काढली.
"त्यांना यायचं नाही," म्हणाल्या,
"आणि यांना द्यायचं नाही. उगाच कशाला?"
बघत होत्या माझ्याकडे.

लोक विचारतात, माशी कुठे शिंकली.
माशी नव्हे हो. मी.
शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं पिकलं,
ही म्हण शाळेत पाठ होती.
शिंकं दोरीचं असतं एवढंच तेव्हा ठाऊक होतं.

आता घरात हद्द आहे.
झोपायची खोली माझी, बाकी सगळं त्यांचं.
सतरंजी गेली, पडदे गेले, सोफा मेव्हण्याला दिला.
कोपऱ्यात हवा गाळणारं यंत्र घुमतं,
टोस्ट त्याच्या कोमट पाठीवर बसतो,
ते गाळतं ते हा परत घालतो.
रविवारी ओल्या फडक्याने दोघांना पुसणं
हे काम हेमलताचं, ओरखडेही तिचेच.
सकाळी तोटीच्या भांड्यातून मिठाचं पाणी
एका नाकपुडीत, दुसरीतून बाहेर.
रात्री पांढरी गोळी. ती घेतल्यापासून
बातम्यांचा शेवट मला कधी कळलेला नाही.
बरं वाटतं का? अर्धं.
लुकतुक्यांना तसंच सांगितलं. ते रागावले नाहीत,
फवारा लिहून दिला, आणि माझ्या फायलीत
तारखेखाली नोंद केली: मांजरं, दोन, आहेत.

रात्री दोनच्या सुमारास दाराखालच्या फटीतून
एक पंजा येतो. खारीचा, डावा.
नखं आत. नुसता चाचपत राहतो,
फरशीवर काही हरवलंय असा.
मी उठतो, खाली बसतो, एक बोट पुढे करतो.
ती त्यावर पंजा ठेवते.
वजन असं काही नसतं. तळवा गार, जरा खरखरीत.
तळजाईकडून एखादा मोर ओरडतो, अवेळी.
दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती,
दोघंही डोळे मिटून,
दूध नाही तरी.

मग कोपरापर्यंत हात धुतो, साबणाने, वीस मोजेपर्यंत.
हेमलता झोपेतच विचारते, "शिंकलास?"
"अजून नाही."